धम्म शिकायला आधी पोळावं लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई मडगावच्या बाजूला राहतात आणि वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतात. वय ३४, नोकरी कायम, घर वडिलोपार्जित, आईवडील हिंडते-फिरते. त्यांच्या वाड्यावरचा एक माणूस रोज सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत गडग्यावर, दगडी कुंपणावर, बसलेला असायचा. गेल्या पावसात तो एका रात्रीत गेला. त्याच्याशी यांचं नातं नाही, फारसं बोलणंही नव्हतं. तरी तेव्हापासून मन कशात लागेना, रात्री जाग येऊ लागली, म्हणून बुद्धाविषयी वाचायला लागल्या. हिमाचलातल्या धर्मशाळेला, तिबेटी बौद्धांच्या गावी, राहून आलेल्या एका परिचित गृहस्थांनी त्यांना ऐकवलं, "तू अजून पोळलेली नाहीस. ज्यानं सोसलं नाही त्याला ही शिकवण कळत नाही. आधी काहीतरी सोड, भोग, मग ये." आता ताईंचा प्रश्न असा, की नोकरी सोडून कुठंतरी पायी निघावं, थंडी-उपास काढावेत, की ज्यांच्या आयुष्यात वादळ आलं नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये? जाता जाता एक लहानसा प्रश्नही आहे: आमच्या गुरुवारच्या ध्यानाच्या बैठकीला उपाशीपोटी यायचं असतं का?

लहान प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो.

मी फोंड्यातला निवृत्त शाळामास्तर. ध्यानाला बसतो त्याला तीस वर्षं होऊन गेली. पाली भाषेकडे, म्हणजे बुद्धाच्या जुन्या ग्रंथांकडे, फार उशिरा वळलो आणि अजून चाचपडतोच आहे, तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. या बाबतीत मी स्वतः केलेल्या चुका मात्र भरपूर आहेत, त्या कामी येतील.

सरळ उत्तर हे, की पोळावं लागत नाही. हलावं लागतं. या हलण्याला पालीत संवेग म्हणतात. आपण मराठीत संवेग म्हणजे वेग समजतो. तिथं अर्थ वेगळा आहे. आतून एकदम दचकायला होणं, 'हे असं आहे तर मग मी काय करत बसलोय' असं वाटणं, त्याला संवेग. हा दचका कशानं बसावा याची अट कुणी घातलेली नाही. उलट त्याची एक छान उतरंड अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात आहे, ती तुमच्या प्रश्नाला इतकी नेमकी लागू पडते की आधी तीच सांगतो.

त्या सुत्ताचं, म्हणजे प्रवचनाचं, नाव पतोद. पतोद म्हणजे प्रतोद, चाबूक. (विधानसभेतल्या पक्षप्रतोदामुळे हा शब्द आपल्याकडे जिवंत राहिला, नाहीतर कधीच गेला असता.) बुद्ध म्हणतात, चांगले घोडे चार प्रकारचे. पहिला चाबकाची नुसती सावली दिसली की सावध होतो. दुसरा चाबूक केसांना लागला की, तिसरा कातडीला लागला की, आणि चौथा पार हाडापर्यंत पोचला की. माणसांचंही तसंच. अमक्या गावात कुणी आजारी आहे, कुणी मेला, एवढं ऐकून एकजण हलतो आणि कामाला लागतो. दुसरा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतो तेव्हा हलतो. तिसऱ्याच्या घरातलं, रक्ताचं माणूस जावं लागतं. चौथ्याला स्वतःच्या शरीरात असह्य वेदना उठाव्या लागतात.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की चारही घोडे 'भद्र' म्हटलेत. जातिवंत. हाडाला लागल्यावर जागा होणारा कमी प्रतीचा नाही. पण सावलीनं जागा होणाऱ्याला 'बाबा, तुला अजून फटका बसलेला नाही, बसला की ये' असं कुणी म्हटलेलं नाही. तुमचे परिचित गृहस्थ उतरंड उलटी धरून बसलेत. तुम्ही गडग्यावरची रिकामी जागा बघितलीत आणि झोप उडाली. म्हणजे तुम्ही दुसरा घोडा. मी स्वतः तिसरा. बाबा गेले तोवर मला काही सुचलं नव्हतं, त्यामुळे तुमच्याकडे बघून मला थोडी असूयाच वाटते.

दुसरं उदाहरण यशाचं. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, बुद्धांच्या पहिल्या प्रवचनानंतर लगेचच हा येतो. वाराणसीच्या सावकाराचा मुलगा. थंडी, उन्हाळा आणि पावसाळा यांच्यासाठी तीन वेगवेगळे वाडे असलेला. एका रात्री अवेळी जाग आली, आजूबाजूला गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बाया वेड्यावाकड्या झोपलेल्या, कुणाची लाळ गळतेय, कुणी झोपेत बरळतेय. त्याला एकदम स्मशानात असल्यासारखं झालं. पायात सोन्याच्या पादुका घालून तो घराबाहेर पडला आणि 'काय हा उपद्रव, काय हा त्रास' म्हणत इसिपतनाला, आजच्या सारनाथला, पोचला. बुद्ध पहाटे फेऱ्या मारत होते. म्हणाले, "यशा, इथं उपद्रव नाही. ये, बस." पादुका काढून तो बसला. आधी उपास कर, वाडे विक, मग ये, यातलं काही नाही. पादुका काढल्या तेवढंच.

आता, हे सगळं इतकं स्पष्ट असताना आपल्याला 'सोसल्याशिवाय नाही' हे खरं का वाटतं? कारण ते आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण तिसरीत फळ्यावर लिहितो. मीही वर्षानुवर्षं लिहून घेतलं. पण म्हण दगडाविषयी आहे. दगडाला काही समजून घ्यायचं नसतं. आपल्या आजूबाजूला बघितलं तर शिरगावच्या लईराई देवीचे भक्त, धोंड, व्रतस्थ राहून निखाऱ्यांवरून चालतात, गोव्यातून पंढरपूरला दिंड्या पायी जातात. मला याविषयी आदर आहे, माझे मामा धोंड होते. तिथं शरीर देवीला, विठ्ठलाला दिलेलं असतं, ते भक्तीचं देणं आहे. आणि गंमत बघा, ज्यानं अग्निदिव्य केलं नाही त्यालाही लईराईला मोगरीच्या कळ्या वाहता येतातच की. देवीच्या दारातही अट नाही, ती तुमच्या गृहस्थांनी धम्माच्या दारात लावली.

माझी पहिली मोठी चूक याच समजुतीतून झाली. १९९३ साली दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेलो. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. रात्रभर बसमधून हाडं खिळखिळी करत मुंबई, तिथून पुढे गाडी. त्या प्रवासानंच मला वाटू लागलं होतं की काहीतरी मिळवलं. शिबिरात चौथ्या दिवसापासून काही बैठका अशा असतात की तासभर आसन बदलायचं नाही असा निश्चय करून बसायचं. उजव्या गुडघ्यात सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, खुर्ची घ्या. मी घेतली नाही. खुर्चीवर बसलेल्यांकडे अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बघून मनात म्हणायचो, हे कच्चे. घरी आल्यावर दोन वर्षं तसाच बसत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी जमिनीवर मांडी घालायला बंदी केली ती आजतागायत आहे. गुडघा गेला याचं फार वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की त्या दोन वर्षांत माझ्यात वाढलं काय असेल तर एक घट्ट, टणक अभिमान. वेदनेचं निरीक्षण करायला सांगितलं होतं, मी वेदना जमा करत होतो.

पुढे विनयात सोणाची गोष्ट वाचली तेव्हा हसू आलं आणि लाजही वाटली. सोण कोळिविस हा चंपेच्या बड्या घरचा मुलगा, इतका नाजूक की तळपायावर लव होती म्हणतात. भिक्षू झाल्यावर इतका हट्टानं चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करू लागला की पाय फुटले आणि चालायची वाट रक्तानं माखली. तरी काही साधेना, तेव्हा परत घरी जावं असा विचार मनात आला. बुद्ध त्याच्याकडे गेले आणि वीणेचं विचारलं: तारा फार ताणल्या तर वाजते का? सैल ठेवल्या तर? ही वीणा सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा भाग फार कुणी सांगत नाही. बुद्धांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळत असेल तर घेईन. मग सगळ्याच भिक्षूंना वहाणांची परवानगी मिळाली. रक्ताळलेल्या वाटेचं फळ काय, तर चपला.

बुद्धांच्या स्वतःच्या सहा वर्षांच्या तपश्चर्येचं काय, असं तुम्ही विचाराल. गृहस्थांनीही तेच उदाहरण दिलं असणार. मज्झिम निकायात महासच्चक सुत्तात त्यांनी ते दिवस स्वतः वर्णन केलेत. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, अंगावरून हात फिरवला तर मुळाशी कुजलेले केस गळून पडायचे. आणि मग म्हणतात, पूर्वी कुणी, पुढे कुणी, आज कुणी जास्तीत जास्त सोसलं असेल तर ते एवढंच, याहून अधिक नाही. तरीही मला काही मिळालेलं नाही. दुसरी वाट असेल का?

आता यापुढचा क्षण मला सगळ्या पाली वाङ्मयात सगळ्यात जवळचा वाटतो. त्यांना आठवतं ते लहानपण. वडील कामात होते, आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो आणि मन आपोआप शांत झालं होतं. आठवल्यावर ते स्वतःला विचारतात: कामवासनेशी, वाईट विचारांशी ज्याचा संबंध नाही, त्या सुखाला मी भितो कशाला? उत्तर येतं, मी भीत नाही. मग ते जेवतात. पाच सोबती 'हा चैनीला लागला' म्हणून सोडून जातात.

म्हणजे शोध जिथं वळला ती जागा जांभळीची सावली. तुमच्या पत्रात मला ती भीतीच दिसली. तुम्ही दुःखाला घाबरलेल्या नाही, तुम्ही तुमच्या बऱ्या चाललेल्या आयुष्याला घाबरलाय. जणू ते अपात्रतेचं प्रमाणपत्र आहे.

त्यानंतरच्या पहिल्याच प्रवचनात दोन टोकं सांगितली. देहदंडाच्या टोकाला तीन विशेषणं आहेत: दुक्खो, अनरियो, अनत्थसंहितो. दुःखद, अनार्य, निरर्थक. त्याच प्रवचनात चार सत्यांपुढे चार कामं लावून दिलीत. दुःख जाणायचं, त्याचं कारण सोडायचं, निरोध अनुभवायचा, मार्ग वाढवायचा. दुःख जाणायचं, बस्स. ते कमवा, साठवा असं काम कुणाला दिलेलं नाही. जगात त्याचा तुटवडाही नाही.

इथवर मी एकाच बाजूनं बोललो. गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. उपनिस सुत्तात एक साखळी आहे, तिच्यात दुःखाच्या आधारानं श्रद्धा उपजते असं स्पष्ट म्हटलंय. श्रद्धेतून प्रमोद, त्यातून प्रीती, पुढे शांती, सुख, समाधी. म्हणजे दुःख लागतं हे खरंच. पण 'माझ्यावर कोसळलेली आपत्ती' आणि 'दुःख' हे दोन शब्द एक नव्हेत. लग्न मनासारखं झालं, पगार वाढला, आणि तरी रविवारी संध्याकाळी काहीतरी टोचत राहतं, तेही दुःखच. गडग्यावरचा माणूस दिसत नाही, तेही. आपत्ती आलेल्या सगळ्यांनाच दुःख दिसतं असंही नाही. माझ्या माहितीत अशी माणसं आहेत की ज्यांच्यावर एकामागून एक घाव पडले आणि ती फक्त कडवट झाली. सोसणं माणसाला शहाणं करतंच, हा आपला एक लाडका गैरसमज आहे.

दुसरं तथ्य असं, की मुद्दाम कष्ट घेण्याला धम्मात जागा आहे, पण औषधासारखी. देवदह सुत्तात बाण करणाऱ्या कारागिराचं उदाहरण येतं. बाणाची काडी वाकडी असेल तर तो तिला दोन कोलितांमध्ये शेकतो आणि सरळ करतो. सरळ झाली की शेकणं बंद. साधकानं स्वतःकडे बघायचं: आरामात राहिलो की माझा आळस, हाव, चिडचिड वाढते का? वाढत असेल तर थोडं कठीण राहायचं, पहाटे उठायचं, एकवेळ जेवायचं. काम झालं की पुरे. सरळ काडी शेकत बसलं तर ती जळते. माझा गुडघा, ताई, सरळ काडी होता.

कुणाची वाट कशी असेल तेही सगळ्यांचं सारखं नसतं. चार प्रतिपदा, म्हणजे वाटा, सांगितल्यात: वाट खडतर आणि गती मंद, वाट खडतर आणि गती शीघ्र, वाट सुखाची आणि गती मंद, वाट सुखाची आणि गती शीघ्र. मोग्गल्लानाची वाट खडतर होती, सारिपुत्ताची सुखाची. दोघेही अग्रश्रावक, म्हणजे मुख्य शिष्य, बुद्धांच्या उजव्या-डाव्या हाताचे. ज्याच्या स्वभावात राग, लोभ, मोह तीव्र, त्याला वाट बोचते. म्हणजे खडतर वाट हा मान नव्हे, ती त्या प्रवाशाची प्रकृती आहे.

धर्मशाळेच्या बाजूनं येणाऱ्या माणसांच्या डोक्यात बहुधा मिलारेपा असतो. अकराव्या-बाराव्या शतकातला हा तिबेटी योगी. गुरू मार्पानं त्याच्याकडून दगडी मनोरे बांधून घेतले, पाडायला लावले, पुन्हा बांधून घेतले, पाठ सोलून निघाली. गोष्ट खरोखर जबर आहे. पण मिलारेपा आला होता तो काळी जादू शिकून, सूडापायी कितीतरी माणसं मारून. त्या ओझ्यासाठी तो उपाय होता. मार्पाच्या सगळ्याच शिष्यांनी मनोरे बांधले नाहीत. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध आपण घेत नाही, हे औषध कारखान्यात काम करणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू.

आणि आता आपल्या घरचं उदाहरण, कारण गोव्यात हा विषय निघाला की कुणीतरी धर्मानंद कोसंबींचं नाव घेतंच. साखवाळला १८७६ साली जन्म. नारळीच्या भाटाची, म्हणजे बागेची, देखभाल करणारा तरुण, 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख वाचतो आणि त्याला तेच एक वेड लागतं. (बघा, एक लेख. चाबकाची सावलीच की.) १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास, मग नेपाळ, तिथं निराशा, मग बोधगया, आणि १९०२ मध्ये श्रीलंका. तिथं विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली, श्रामणेराची (नवशिक्या भिक्षूची) दीक्षा, पुढे ब्रह्मदेश. 'निवेदन' हे त्यांचं आत्मकथन १९२४ साली निघालं, ते वाचताना आजही गळा दाटून येतो.

त्यावरून लोक म्हणतात, पाहा, एवढं सोसलं तेव्हा धम्म मिळाला. मी ते उलटं वाचतो. गोव्यात तेव्हा पाली शिकवणारं कोण होतं? एक ओळ समजून घ्यायला समुद्र ओलांडावा लागत होता, म्हणून ओलांडला. बोटीवर गादी असती तर ते गादीवर झोपले असते. कष्ट अंतराचे होते, पात्रतेचे नव्हते. आणि परतल्यावर त्यांनी आयुष्यभर काय केलं? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना ५० रुपयांवर राहून मराठीत लिहिलं, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, १९३७ मध्ये परळला कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभा केला. पुढच्या माणसाला ती पायपीट पडू नये याचीच ही सगळी व्यवस्था. तुम्ही मडगावच्या वाचनालयात बसून त्यांचं 'भगवान बुद्ध' वाचलंत, तर त्यांच्या श्रमांचा मान राखलात. पुन्हा पायी श्रीलंकेला निघालात तर नाही.

याच पुस्तकात त्यांनी सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून गृहत्याग केल्याची प्रसिद्ध कथा बाजूला ठेवली आणि शाक्य (सिद्धार्थाचं कुळ) व शेजारचे कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या भांडणांकडे बोट दाखवलं. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात बुद्ध म्हणतात की माणसं अपुऱ्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडताना, एकमेकांवर उठलेली बघून मला भय वाटलं. बाबासाहेब आंबेडकरांनीही पुढे याच पाण्याच्या तंट्याच्या बाजूनं गृहत्याग मांडला. हे मान्य केलं तर खुद्द सिद्धार्थाची सुरुवातही स्वतःवरच्या आपत्तीतून झालेली नाही, शेजाऱ्यांचं भांडण बघून झाली.

कोसंबींविषयी बोलताना एक गोष्ट मात्र आपण गिळून टाकतो. घरी पत्नी होती, बाळाबाई, आणि तान्ही मुलगी. वाट त्यांनी निवडली, त्यातला मोठा वाटा बाळाबाईंनी उचलला, आणि त्याचं आत्मकथन कुणी लिहिलं नाही. म्हणून कुणी 'सोडून ये' म्हणालं की मी आधी विचारतो, सोडल्यावर बिल कुणाच्या नावावर निघणार? शेवटी सेवाग्रामला १९४७ मध्ये कोसंबींनी अन्न सोडून देह ठेवला. त्यामागे जैन विचारांचा ओढा होता. त्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही, म्हणून त्यावर इथं बोलत नाही.

बाबासाहेबांचं नाव आलंच आहे तर माझी दुसरी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बैठकीनंतर बोलताना मी सहज म्हणालो, "दुःखासारखा गुरू नाही." कोल्हापूरकडून नोकरीसाठी आलेले एक गृहस्थ नेहमी मागच्या रांगेत बसत. सगळे गेल्यावर ते थांबले. म्हणाले, "सर, आमच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. ते दीक्षेला नागपूरला गेले होते. तो गुरू होता म्हणता?" आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे लाखो लोक जमले त्यांनी हाल ही लायकी म्हणून मांडली नव्हती. हाल संपावेत, माणूस म्हणून उभं राहता यावं, म्हणून ते आले होते. ज्याला पिढ्यान् पिढ्या सोसायला लावलं त्याच्यासमोर 'सोसल्यानं धम्म कळतो' हे वाक्य उच्चारून बघा, त्यातला पोकळपणा लगेच ऐकू येतो. ते वाक्य बहुतेक वेळा ज्यांचं बरं चाललंय त्यांनाच सुचतं. मी तेव्हापासून ते टाकलं.

थोडं बाजारातलं. हरमल, हणजूण, पाळोळ्याच्या किनारपट्टीवर आता सोसणंही विकत मिळतं. सात दिवस मौन, रोज एक वाटी सूप, आणि त्याचे पैसे चांगल्या हॉटेलाहून अधिक. फुकट उपास करायचा तर घरी आषाढी आहे. धम्माची शिकवण परंपरेनं दानावर चालते. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरांना आजही शुल्क नाही. आधीच्या साधकांच्या दानावर नव्यांचं जेवणखाण होतं. आणि जो शिक्षक तुम्हाला त्रास देऊन 'ही तुझी परीक्षा' म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. वीमंसक सुत्तात बुद्ध सांगतात की तथागताचीही, म्हणजे खुद्द बुद्धांचीही, दीर्घकाळ, डोळ्यांनी आणि कानांनी पारख करा. परीक्षा शिष्यानं घ्यायची आहे.

आता तुमच्यापुरतं. नोकरी सोडू नका. पायी कुठं जाऊ नका, गेलात तर हौस म्हणून जा. रात्रीची जाग गेल्या पावसापासून आहे म्हणता, तर आधी डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर बांबोळीच्या मानसोपचार विभागात जायला संकोच करू नका. लांब मौनाची शिबिरं अस्वस्थ मनाला कधी कधी जास्त ढवळतात. म्हणूनच अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, तिथं खरं लिहायचं. लगेच दहा दिवसांची घाई नको. रोज सकाळी वीस मिनिटं, श्वास येतो-जातो एवढं बघा. बसणं अवघड वाटेल, कंटाळा येईल, पायाला मुंग्या येतील, ऑफिसातली भांडणं आठवतील. हे कष्ट पुरेसे आहेत, वेगळे शोधावे लागत नाहीत. आणि गडग्यावरच्या त्या माणसाच्या घरी कोण आहे ते बघा. त्याची बायको असेल, म्हातारी आई असेल. संध्याकाळी पाच मिनिटं जाऊन बसा. तुमची झोप ज्या गोष्टीनं उडवली तिथूनच तुमचा अभ्यास सुरू होतोय, धर्मशाळेहून नाही.

राहिला लहान प्रश्न, उपाशीपोटी यायचं का.

धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या भाष्यात, आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्ध गावात आलेत हे ऐकून त्याला जायचं होतं, पण नेमका त्याच सकाळी बैल हरवला. बैल शोधून, बांधून, तो धापा टाकत पोचला तेव्हा दुपार व्हायला आली होती. इकडे जेवणं आटोपली होती, सगळे प्रवचनाची वाट बघत होते आणि बुद्ध गप्प बसून होते. तो आल्यावर त्यांनी विचारलं, काही अन्न उरलंय का? याला आधी वाढा. तो जेवला, निवांत झाला, मग बोलायला सुरुवात केली, आणि त्याला तिथंच समजलं. भिक्षू कुजबुजले, असं कधी केलं नव्हतं यांनी. तेव्हाची गाथा 'जिघच्छा परमा रोगा', भुकेसारखा रोग नाही.

तेव्हा कामावरून सुटलात की काहीतरी खाऊन निघा. बैठक साडेसहाला असते, बोरीच्या पुलावर संध्याकाळी वाहनं तुंबतात, पाऊण तास जास्त धरा. मागच्या भिंतीला सहा खुर्च्या असतात. उजवीकडची पहिली माझी, बाकीच्या कुठल्याही घ्या.